कोलांटी डोक्यावरून नव्हे, पाठीवरून: पहिली ते चौथीच्या मुलांना जिम्नॅस्टिक्स शिकवताना

शाळेच्या मैदानावर एक सूचना हमखास ऐकू येते: “डोकं टेकव आणि पाय मार.” मूल डोकं टेकवतं, पाय मारतं, धप्पकन पाठीवर आपटतं आणि बाकीची पोरं टाळ्या पिटतात. कोलांटी झाली, असं सगळ्यांनाच वाटतं. पण मधल्या क्षणी अख्ख्या अंगाचा भार टाळूवरून मानेत उतरलेला असतो. पहिलीतलं मूल असतं वीसेक किलोचं, त्यामुळे बहुतेक वेळा निभावून जातं. चौथीत तेच मूल पंचवीस-तीस किलोचं होतं, धावत येऊन कोलांटी मारायला लागतं, आणि सवय मात्र तीच राहते.

चूक शिकवण्याच्या क्रमात आहे. कोलांटी शिकवायची म्हणून आपण पहिल्याच तासाला कोलांटी घेतो. खरं तर ती सहाव्या टप्प्यावर यायला हवी. खाली तोच क्रम दिला आहे. आठवड्याला खेळाचे दोन तास मिळत असतील, तर आठ ते दहा आठवडे धरून चला.

## पूर्वतयारी: गादी, मूल आणि वेळ

गादी. शाळेत असते ती रेक्झिनची, दाबलेल्या फोमची गादी चालते. घरची कापसाची गादी चालत नाही. त्यात हात रुततो, मनगट वाकडं होतं आणि कापसाच्या गाठी पाठीला लागतात. घडी घातलेली सतरंजी प्राण्यांच्या चालींसाठी ठीक, कोलांटीसाठी नाही. फरशीवर गादी सरकते ती बहुधा धुळीमुळे. आधी ओल्या फडक्याने फरशी पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच गादी अंथरा. पावसाळ्यात व्हरांड्यातली शहाबादी दमट राहते, तिथे तास घेऊच नका. दोन गाद्या जोडून ठेवल्या असतील तर मधल्या फटीत बोटं किंवा टाच अडकते. कोलांटीची दिशा अशी ठेवा की हात फटीवर येणार नाहीत. गादीभोवती भिंत, खांब, बाक काहीही दोन मीटरच्या आत नको.

*तपासा: गादीवर दोन्ही हात ठेवून स्वतः जोरात पुढे ढकला. सरकली, तर मुलांना अजून बोलावू नका.*

मूल. अनवाणी. मोजे अजिबात नकोत, फरशीवर मोज्यांनीच जास्त पाय घसरतात. शर्ट खोचलेला, मुलींना स्कर्टखाली किंवा स्कर्टऐवजी ट्रॅक पँट. अंबाडा, टणक क्लिप, हेअरबँड काढायला लावा, साधं रबर चालेल. कानातले डूल, बांगड्या, पैंजण, गळ्यातला ताईत, खिशातली पेन्सिल हे सगळं एका डब्यात. गळ्यातला काळा दोरा घरच्यांनी काढू नको म्हणून सांगितलेला असेल, तर त्याच्यावरून मुलाशी वाद घालू नका. त्या मुलाला तेवढ्या दिवस चाली आणि उड्या द्या आणि पालकांशी बोला. नखं कापलेली आहेत का तेही पाहा.

पालकांना आधी चार प्रश्न विचारून ठेवा: दमा आहे का, फिट येते का, गेल्या वर्षभरात हाड मोडलं होतं का, कानाचं किंवा मानेचं दुखणं आहे का. वर्गात डाऊन सिंड्रोम असलेलं मूल असेल, तर डॉक्टरांनी मान तपासून लेखी परवानगी दिल्याशिवाय त्याला कोलांटी देऊ नका. अशा काही मुलांमध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

वेळ. पोषण आहाराची खिचडी खाऊन लगेच उलटंपालटं होणं कुणालाच झेपत नाही. जेवणानंतर किमान दीड तास जाऊ द्या. वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर सकाळचा तास मागून घ्या.

चाळीस मुलं, तीन गाद्या. एकच रांग लावली तर प्रत्येकाची पाळी तासात दोनदा येते आणि उरलेला वेळ रांगेत ढकलाढकली होते. वर्गाचे पाच गट करा. एक गट तुमच्यासमोर नवं कौशल्य शिकेल. बाकीच्या चार गटांना तुम्ही जवळ नसतानाही ज्यात धोका नाही असंच काम द्या: आखलेल्या रेघेवर तोल सांभाळत चालणं, दोरीच्या उड्या, प्राण्यांच्या चाली, आधी पक्का झालेला झोका (गोळा होऊन पाठीवर मागे-पुढे डोलणं, टप्पा ४). सहा-सात मिनिटांनी शिट्टी झाली की गट पुढच्या जागी. लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे पुतळा. पहिल्या तासाला निव्वळ या शिट्टीचा खेळ घेतला तरी तो वाया जात नाही.

सगळ्या गाद्यांवर दिशा एकच ठेवा. पुढचं मूल गादीवरून उतरल्याशिवाय मागच्याने गादीला हातही लावायचा नाही.

## टप्पा १: अंग मोकळं करणं

आठ-दहा मिनिटं पुरेत. अस्वलचाल (तळहात-तळपाय जमिनीवर, गुडघे उचललेले), खेकडाचाल (पोट वर), बेडूकउडी, सशाची उडी. या चाली नुसत्या गंमतीच्या नाहीत, खांदे आणि मनगटं याच वयात यांच्यावरच तयार होतात. शेवटी मनगटं गोल फिरवा, घोटे फिरवा.

मान मात्र गोल फिरवायला लावू नका. “हो” आणि “नाही” म्हणताना हलते तेवढीच हलवली की झालं.

## टप्पा २: उतरायला आणि पडायला शिकणं

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. चढण्याआधी उतरता यायला हवं.

आधी जागच्या जागी उडी. दोन्ही पाय कमरेइतके अंतर ठेवून एकदम टेकतील, गुडघे वाकतील, हात पुढे येतील आणि मूल तीन आकडे मोजेपर्यंत तिथेच थांबेल. मग व्हरांड्याच्या खालच्या एका पायरीवरून गादीवर. पायरी एकच, दोन नाही. “आवाज न करता उतर” एवढंच सांगा, त्याने गुडघे आपोआप वाकतात.

बघायच्या दोन गोष्टी: उतरताना गुडघे आत एकमेकांकडे वळतात का, आणि टाचा आधी आपटतात का. गुडघे आत येत असतील तर “गुडघे पायाच्या करंगळीकडे ने” असं सांगून पाहा.

मग मागे पडणं. मूल मागे पडताना हात ताठ करून मागे टेकवतं. या वयात कोपराच्या वरचं हाड मोडण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. म्हणून उकिडवं बसवा, हात छातीशी घडी, हनुवटी छातीला, आणि गोल पाठीने मागे लोळू द्या. हात जमिनीकडे गेला की पुन्हा. हा सराव प्रत्येक तासाला पाच-सहा वेळा होऊ द्या, अगदी दहाव्या आठवड्यातसुद्धा.

## टप्पा ३: अंगाचे आकार

चार आकार नावाने ओळखता आले पाहिजेत: सरळ, गोळा (गुडघे छातीशी), पाय फाकवून बसणं, पाय जुळवून पुढे वाकणं. तुम्ही नाव घ्या, मुलांनी दोन सेकंदांत आकार करायचा. त्यात ओंडका घाला: हात डोक्यावर ताठ, पाय जुळलेले, अंग कुठेही न मोडता आडवं लोळायचं. अंग ताठ ठेवणं म्हणजे काय हे मुलांना शब्दांनी समजत नाही, ओंडका करताना समजतं. एवढ्यावर फार रेंगाळू नका, दोन तास बास.

## टप्पा ४: झोका, म्हणजे कोलांटीचा दुसरा अर्धा भाग

कोलांटी शेवटाकडून शिकवा. गोळा होऊन बसायचं, नडग्या धरायच्या, पाठ गोल करून मागे खांद्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. हनुवटीखाली घडी केलेला रुमाल धरायला द्या. झोका घेताना रुमाल पडला, म्हणजे हनुवटी सुटली. हे मुलाला स्वतःलाच कळतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

मागे जाताना डोक्याचा मागचा भाग गादीला लागत असेल तर झोका मोठा झालाय, लहान करायला सांगा.

झोका जमला की पुढे येताना नडग्या सोडायच्या, हात पुढे लांब करायचे आणि हात जमिनीला न लावता उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाला हे जमत नाही. कारण जवळपास ठरलेलं असतं: टाचा ढुंगणापासून लांब पडतात. “टाचा जवळ ओढ” म्हणा. दुसरं कारण म्हणजे पायांची मांडी घालून उठणं. ती सवय इथेच मोडा, पुढे कोलांटीत ती गुडघा पिरगाळते.

*पुढे जायचं का: लागोपाठ तीन झोके, रुमाल न पडता, आणि हात न टेकता उभं राहणं. हे जमल्याशिवाय पाचवा टप्पा नाही, मग वर्गातला सगळ्यात चपळ मुलगा का असेना.*

## टप्पा ५: हातांवर भार

पूर्वी जन्मदाखला नसला की शाळेत घालताना मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडायला लावत. त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे: लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि हात आखूड असतात. पहिलीतल्या मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा, तळहात टाळूच्या फार वर जात नाहीत. म्हणजे हातांवर उलटं झाल्यावर डोकं आणि गादी यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. कोपर जरा वाकलं की डोकं टेकलंच. म्हणून कोलांटीआधी हात भक्कम व्हायला हवेत.

सशाची उडी: हात पुढे टेकवायचे, बोटं पसरलेली आणि पुढे बघणारी, मग दोन्ही पाय उचलून हातांजवळ आणायचे. मग गाढवलाथ: हात टेकलेले, कोपरं ताठ, दोन्ही पायांनी मागे छोटी लाथ, कंबर खांद्यांच्या वर येईल इतकीच. “उंच” म्हणू नका. उंच म्हटलं की पोरं पाठ मोडून उताणी पडतात.

कोपरं बाहेर फाकत असतील तर हात खांद्याइतक्या अंतरावर आहेत का बघा, बहुधा जास्त लांब टेकवलेले असतात.

## टप्पा ६: कोलांटी

आधी उतार करा. दोन गाद्या एकावर एक रचा आणि तिसरी त्यांच्या कडेवरून खाली उतरती अंथरा. शाळेत उडीची फळी असेल तर तीही गादीखाली चालते. विटा, डेस्क, बाकाची सुटी फळी यांचा उतार करू नका, मधेच सरकतात. उतारावर अंग आपोआप पुढे जातं, त्यामुळे मुलाला पाय मारावे लागत नाहीत आणि मानेवर भार कमी येतो.

क्रम असा:

१. उताराच्या वरच्या टोकाला, पाय जुळवून उभं राहायचं.
२. खाली वाकून हात पुढे उतारावर टेकवायचे, खांद्याइतकं अंतर.
३. पाय जवळजवळ सरळ करून कंबर वर न्यायची. इथे घाई होते. मूल उकिडवंच बसलेलं असेल तर कंबर खाली राहते आणि ते पुढे न लोळता डोक्यावर कोसळतं.
४. हनुवटी आत, नजर स्वतःच्या बेंबीकडे.
५. कोपरं हळू वाकवत खांद्यांची मागची बाजू गादीला लावायची. टाळू कुठेही टेकत नाही.
६. गोळा, हात पुढे, उभं. हा भाग झोक्यात शिकून झालेलाच आहे.

तोंडाने तीनच शब्द बोला: “कंबर! बेंबी! ऊठ!” लांब वाक्य मूल उलटं असताना ऐकत नाही.

आधार देताना. मुलाच्या बाजूला गुडघ्यावर बसा. एक हात डोक्याच्या मागे, हनुवटी आत राहील इतकाच हलका. दुसरा मांडीच्या मागे, कंबर उचलायला. मान कधीही दाबायची नाही, आणि पाय धरून पुढे ओढायचं तर नाहीच. हात लावण्याआधी सांगा, “मी डोक्यामागे हात ठेवतेय.” मूल नको म्हणालं तर त्याला अजून थोडे दिवस झोका करू द्या. पाचव्या-सहाव्या प्रयत्नापासून आधार कमी करत न्या, नाहीतर मूल कोलांटी तुमच्या हातावर शिकतं, स्वतःच्या नाही.

खडूची खूण. टाळू टेकते की नाही हे डोळ्यांनी ओळखणं कठीण, सगळं क्षणात होतं. गादीवर, हात टेकतात त्याच्या किंचित पुढे, फळ्याखालच्या खोबणीतली खडूची भुकटी चिमूटभर पसरा. कोलांटी झाली की मुलाचं डोकं बघा. केसांत डोक्याच्या मागे, मानेच्या वरच्या बाजूला पांढरं लागलं, किंवा नुसतं शर्टावरच लागलं, तर कोलांटी बरोबर. बरोब्बर टाळूवर पांढरी टिकली दिसली, तर टप्पा पाचवर परत. मुलांना हा प्रकार इतका आवडतो की ती एकमेकांची डोकी तपासत सुटतात. तपासू द्या.

उतारावर स्वच्छ जमली की सपाट गादीवर. तिथे नेहमी दिसणाऱ्या चुका:

- वाकडी जाते: एक हात आधी टेकतो किंवा एकाच हाताने जास्त ढकललं जातं. गादीवर खडूने दोन तळहात काढून ठेवा.
- पाठ धप्पकन आपटते: गोळा लवकर सुटतो. पुन्हा झोका, रुमालासकट.
- उठता येत नाही: टाचा लांब, किंवा हात मागे टेकतात.
- मूल डोळे मिटतं: ते घाबरलंय. ओरडू नका, उतारावर परत न्या.

नदीच्या वाळूत नाहीतर पेंढ्यावर कोलांट्या मारत वाढलेली मुलं वर्गात सगळ्यात धीट असतात आणि त्यांचीच कोलांटी बहुतेक डोक्यावरची असते. त्यांना “तुला आधीपासूनच येते ना” म्हणून पुढे ढकलू नका. पक्की झालेली चुकीची सवय मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

## टप्पा ७: भिंतीला पाय आणि कार्टव्हील

भिंतीकडे पाठ करून ओणवं व्हायचं, हात जमिनीवर, मग पावलं भिंतीवर चढवत न्यायची. पोट भिंतीकडे राहतं. तिसरी-चौथीपर्यंत अंग तिरकं होईल इतकंच, पूर्ण उभं नको. पाच सेकंद थांबून तसंच पावलापावलाने खाली. भिंतीकडे तोंड करून लाथ मारून वर जाण्याची घाई करू नका.

कार्टव्हील म्हणजे हात-पायांवर चाकासारखं आडवं फिरणं. त्यासाठी आधी कुठला पाय पुढे ते शोधा. मुलाला मागून अचानक हलकं पुढे झुकवलं की जो पाय पुढे येतो, तो साधारण त्याचा पाय. मग जमिनीवर दोरी ठेवा आणि “हात, हात, पाय, पाय” अशा चार ठोक्यांवर दोरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचं. सुरुवातीला पाय गुडघ्याइतकेच उचलले तरी चालतात. दोन्ही हात एकदम टेकले तर ती कार्टव्हील नाही, तिरकी सशाची उडी झाली. चार ठोके टाळ्यांवर घ्या, म्हणजे हात वेगळे पडतील.

आधार देताना मुलाचा जो पाय पुढे त्याच बाजूला उभे राहा, म्हणजे त्याची पाठ तुमच्याकडे येईल आणि लाथ तुमच्या तोंडावर बसणार नाही. हात कमरेवर.

## हे प्राथमिकमध्ये नको

सपाट गादीवर मागची कोलांटी नको, तिच्यात भार थेट मानेवर येतो. चौथीत फार तर उतारावर. शीर्षासन नको, कारण तेच. कमान करताना मोठ्यांनी कंबर धरून वर ओढणं, पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या खांद्यांवर दाब देणं, हे बंद करा. लवचिकता दाबून येत नाही, स्नायू ताणून फाटतो.

टीव्हीवर दिसणाऱ्या उड्यांची नक्कल तर मुळीच नको. स्पर्धेचा फ्लोअर १२ बाय १२ मीटरचा असतो आणि त्याच्या खाली स्प्रिंगा असतात. आपल्याकडे फोमच्या खाली थेट फरशी आहे.

२६ जानेवारीसाठी पंधरा दिवस आधी मुख्याध्यापक मनोरे बसवायला सांगतात. झोके, ओंडके, आकार आणि सपाट गादीवरच्या एका रांगेतल्या कोलांट्या तालावर बसवल्या तर कार्यक्रम छान दिसतो. मनोऱ्याला तुम्ही नाही म्हणू शकता, आणि म्हणावं.

## लागलं तर

मान दुखते, हातापायाला मुंग्या येतात किंवा हात-पाय हलत नाही असं मूल म्हणालं, तर त्याला उचलू नका, बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी धरून ठेवा, बाकीच्या मुलांना दुसऱ्या शिक्षकांनी वर्गात न्यावं, आणि १०८ ला फोन करा.

कोपर सुजलं किंवा वाकडं दिसलं तर सरळ करून बघू नका. आहे त्याच कोनात रुंद पट्टी किंवा ओढणीने अंगाशी बांधून दवाखान्यात न्या. चोळणं, हळद-तेल लावून शेकणं नको. साध्या मुका मारावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

डोकं आपटलं आणि मूल लगेच खेळायला लागलं तरी त्या दिवशी त्याचं जिम्नॅस्टिक्स संपलं. उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखान्यात न्यायचं, हे पालकांना त्याच दुपारी फोन करून सांगा. वहीत तारीख, वेळ आणि कुठला टप्पा चालू होता ते लिहून ठेवा.